तुळस : ओवीतील आणि ‘शास्त्रीय कारणां’तील

मराठी लोकजीवनात तुळशीइतके घराच्या निकट असलेले दुसरे झाड क्वचितच आढळते. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तिचे लग्न लागते, विठ्ठलाच्या गळ्यात तिची माळ असते, आषाढीच्या वारीत स्त्रिया तिचे वृंदावन डोक्यावर घेऊन चालतात आणि घरात कोणाला खोकला झाला की तिचीच पाने काढ्यात पडतात. अशा वनस्पतीविषयी विपुल लेखन व्हावे हे स्वाभाविकच आहे. परंतु वृत्तपत्रांच्या पुरवण्या, आरोग्यविषयक पुस्तिका आणि क्वचित महाविद्यालयीन नियतकालिकांतूनही जे लेखन आढळते, त्याचा साचा ठरून गेलेला आहे. प्रथम एखादी प्रथा सांगावयाची, मग ‘यामागील शास्त्रीय कारण’ द्यावयाचे आणि शेवटी ऋषिमुनींच्या दूरदृष्टीला वंदन करावयाचे. प्रस्तुत लेखात या साच्याची चिकित्सा करावयाची आहे.

तुळशीच्या औषधी उपयोगाविषयी वाद नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘सुरसा’ या नावाने तिचा निर्देश असून उचकी, खोकला, दमा आणि बरगड्यांतील वेदना यांवर ती उपयुक्त मानली आहे. सुश्रुताने तर औषधींच्या एका गटालाच सुरसादि गण असे नाव दिले आहे. तिच्या पानांतील तेलात युजेनॉल हे द्रव्य असते. लवंगेचा वासही त्याचाच. आजीच्या हातचा काढा, म्हणजे तुळस, आले, मिरे, गवती चहा, जमल्यास ज्येष्ठमध, हा या ज्ञानाचाच घरगुती अवतार होय. 2020 मध्ये आयुष मंत्रालयाने करोनाकाळात तुळस, दालचिनी, सुंठ व मिरे यांच्या काढ्याची शिफारस केली तेव्हा हा घरगुती पाठ शासकीय झाला. तथापि घशाला आराम पडणे आणि एखादा रोग बरा होणे या दोन भिन्न कोटी आहेत, हे भान त्या काळातील उत्साही लेखनात फारसे राहिले नाही.

खरी अडचण पुढे सुरू होते. तुळस रात्रंदिवस प्राणवायू सोडते, हे विधान इतक्या वेळा छापले गेले आहे की ते तपासण्याची गरजच कोणास वाटत नाही. प्रकाशसंश्लेषणात प्राणवायू मुक्त होतो तो पाण्याच्या विघटनातून, आणि त्यासाठी प्रकाश अपरिहार्य असतो. निवडुंगासारख्या काही वनस्पती रात्री कर्बवायू शोषून साठवितात हे खरे. पण त्याही अंधारात प्राणवायू सोडत नाहीत. रात्री तुळसही इतर झाडांप्रमाणे श्वसनच करते. ओझोनचे विधानही याच जातीचे. वनस्पतिशास्त्राचा विभाग ज्या महाविद्यालयात आहे, तेथील अंकातही ही वाक्ये बिनदिक्कत छापली जावीत, हे खेदजनक आहे.

समजा, ही सर्व विधाने खरी ठरली असती, तरी त्यांनी तुळशीचा उलगडा झाला असता काय? मृत्युसमयी माणसाच्या मुखात गंगाजल आणि तुळशीपत्र घालतात. त्या क्षणी औषधाचे प्रयोजन संपलेले असते, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, ते पान ठेवले जाते. घरादारावर तुळशीपत्र ठेवणे म्हणजे त्यावरचा आपला हक्क सोडणे. सत्यभामेचे सारे सोने ज्या पारड्याला पुरले नाही, तेथे रुक्मिणीचे एक पान पुरते. या तिन्ही ठिकाणी तुळस त्यागाची खूण आहे. एरवी गणपतीला तुळस वर्ज्य, पण भाद्रपद चतुर्थीच्या पत्रीत मात्र तिला स्थान. हा भेद कफनाशक गुणधर्मातून कसा निष्पन्न होणार? प्रतीकाला द्रव्यगुणाच्या तराजूत तोलले की प्रतीकही हातचे जाते आणि द्रव्यगुणाचीही अतिशयोक्ती करावी लागते.

या साच्याचा याहून गंभीर दोष असा की, तो ज्ञानाचा कर्ताच बदलतो. तुळशीला रोज पाणी घालणारी, कोणत्या मुलाला किती रस मधातून द्यावा हे जाणणारी, द्वादशीला पान न तोडण्याचा नेम पाळणारी व्यक्ती ही घरातली बाई. लेखात मात्र ती ‘अजाणतेपणी’ प्रथा पाळणारी ठरते आणि जाणतेपण ऋषींकडे जाते. तिचे स्वतःचे म्हणणे उपलब्ध नाही असेही नाही. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या संकलित केल्या; पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या नोंदविल्या गेल्या. त्या ओव्यांतील तुळस रानावनात हिंडणारी, आईबाप नसलेली पोर आहे. गाणारी तिला आपल्या अंगणात जागा देऊ करते. दुसरीकडे ती विठ्ठलाची लाडकी आहे आणि रुक्मिणी तिच्यावर रुसते. जिला माहेरचे कोणी उरले नाही आणि सासरी बोलावयास कोणी नाही, अशा स्त्रीने हे नाते जोडलेले आहे. येथे तुळस काही बरे करीत नाही; ती ऐकते.

पुराणातील वृंदेची कथा या ओव्यांच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. जालंधराचे रूप घेऊन विष्णूने वृंदेला फसविले, तिचे पातिव्रत्य भंगले, तिने देवाला पाषाण होण्याचा शाप दिला आणि देहत्याग केला. शाळिग्राम आणि तुळस ही त्या कथेची दोन फळे. दरवर्षी ऊस, बोर, आवळ्यासह थाटाने लागणारे तुळशीचे लग्न हे एका अर्थी फसविल्या गेलेल्या स्त्रीचे फसविणाऱ्याशीच लावलेले लग्न आहे. पुराणकार त्या वेदनेवर भक्तीचा लेप लावतात. ओवी तसे करीत नाही. ती सवतीचा मत्सर, पोरकेपण आणि अंगणाच्या जागेचा प्रश्न यांविषयी बोलते. वृंदेचा शाप आणि ओवीतील पोरकी तुळस यांचे नाते काय, जे देवघरात उच्चारता आले नाही ते जात्यावर वेगळ्या रूपाने आले काय, हा प्रश्न मराठीच्या, समाजशास्त्राच्या आणि वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांनी एकत्र बसून हाताळावा इतका मोठा आहे. ओव्यांचे संकलन त्यासाठी सिद्ध आहे.