एक नाव, अनेक माणसं : मिलचा सिद्धान्त आणि इंग्लंडचा इतिहास

फलकावर ‘विशेषनामाचा अर्थ’ असा विषय लिहिलेला आहे आणि त्यामुळे पहिल्या रांगेतले काही चेहरे जरा चिंतातुर दिसताहेत. (हशा) काळजी करू नका, आज तर्कशास्त्र थोडं आणि इतिहास जास्त आहे. एका मोठ्या तत्त्वज्ञाचा एक प्रसिद्ध सिद्धान्त मला त्याच्याच देशाच्या इतिहासावर घासून बघायचा आहे.

सुरुवात आपल्या ओळखीच्या नावापासून करू. मराठ्यांच्या इतिहासात हेस्टिंग्ज दोनदा येतो. १७८२ साली सालबाईचा तह झाला, तेव्हा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज. १८१८ साली पेशवाई बुडाली, तेव्हाही गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज. पुष्कळ विद्यार्थ्यांना वाटतं की हा एकच साहेब, चांगला दीर्घायुषी आणि चिवट. प्रत्यक्षात पहिला तो वॉरन हेस्टिंग्ज. तो १७८५ साली परत गेला. पुढे १७८८ ते १७९५ अशी सात वर्षं त्याच्यावर पार्लमेंटात महाभियोग चालला आणि तो निर्दोष सुटला. पेशवाई गेली त्या वर्षी तो इंग्लंडमध्ये म्हातारपणी वारला.

दुसरा कोण? तो जन्मानं हेस्टिंग्ज नव्हताच. त्याचं नाव फ्रान्सिस रॉडन, जन्म १७५४. त्याची आई हेस्टिंग्ज घराण्यातली. मामा वारले, त्यांच्या मृत्युपत्रानुसार मिळकत भाच्याकडे आली आणि १७९० साली भाच्यानं आपल्या नावाला मामांचं आडनाव जोडलं. १८१३ साली तो हिंदुस्थानात आला, तेव्हा लोक त्याला लॉर्ड मॉयरा म्हणून ओळखत. मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज ही पदवी नंतरची. म्हणजे आपण ज्याला ‘पेशवाई बुडवणारा हेस्टिंग्ज’ म्हणतो, त्याला हे नाव एका मृत्युपत्रामुळे मिळालं होतं. हे ‘मृत्युपत्रामुळे’ लक्षात ठेवा, त्याचं काम पुढे आहे.

आता सिद्धान्ताकडे वळू. जॉन स्टुअर्ट मिलचा तर्कशास्त्रावरचा ग्रंथ १८४३ साली निघाला. त्यात तो म्हणतो की विशेषनामाला वस्त्वर्थ असतो, गुणार्थ नसतो. सोप्या भाषेत सांगायचं तर ‘माणूस’ हा शब्द वस्तू दाखवतो आणि तिच्या गुणांविषयीही काही सांगतो, पण ‘जॉन’ हा शब्द फक्त दाखवतो, सांगत काहीच नाही. ती नुसती खूण आहे. डार्टमथ नावाचं गाव डार्ट नदीच्या मुखाशी वसलं म्हणून ते नाव पडलं, हे खरं. पण उद्या नदीनं पात्र बदललं तरी गाव डार्टमथच राहील. आणि एका नावाची अनेक माणसं असतात, हे मिलला चांगलं ठाऊक होतं. त्यावर त्याचं उत्तर असं की सगळ्या जॉनांना जॉन म्हणतात ते त्यांच्यात काही समान गुण आहे म्हणून नव्हे.

इथेच माझी पहिली हरकत आहे. फ्रान्सिस रॉडनला हेस्टिंग्ज हे नाव कशामुळे मिळालं? एका गुणामुळेच, म्हणजे वारस असण्यामुळे. ते नाव आणि ती मिळकत एकाच कागदातून आली. मिल म्हणेल, हे नाव का दिलं याचं कारण झालं, नावाचा अर्थ नव्हे, डार्टमथसारखंच. पण बघा, नदी वळली तर गावाला कुणी जाब विचारत नाही. वारशाच्या नावाचं तसं नसतं. ते नाव लावणारा माणूस रोज एक दावा करत असतो, आणि समाज व कायदा तो दावा मानतात किंवा नाकारतात. नुसत्या खुणेवर कुणी मालकी सांगत नाही.

गंमत म्हणजे मिलचं स्वतःचं नाव त्याच्या सिद्धान्ताला साथ देत नाही. जॉन स्टुअर्ट हे नाव त्याच्या वडिलांच्या आश्रयदात्याचं, सर जॉन स्टुअर्टांचं. जेम्स मिल गरिबाघरचा, शिकला तो या घराण्याच्या आधारानं. मुलाच्या नावात त्यानं ते ऋण नोंदवून ठेवलं. (हशा) विशेषनाम काही सांगत नाही असं लिहून खाली ‘जॉन स्टुअर्ट मिल’ अशी सही करायची, यात थोडा विनोद आहेच.

आता जरा मोठं उदाहरण घेऊ, क्रॉमवेल घराण्याचं. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल, शिरच्छेद १५४०. त्यानंतर शंभरेक वर्षांनी ऑलिव्हर क्रॉमवेल, ज्याच्या राजवटीआधी राजाचाच शिरच्छेद झाला. पण ऑलिव्हर थॉमसचा थेट वंशज नव्हे. थॉमसची बहीण मॉर्गन विल्यम्स नावाच्या वेल्श माणसाला दिली होती. तिचा मुलगा रिचर्ड विल्यम्स. मामाचा उत्कर्ष होताना पाहून भाच्यानं क्रॉमवेल नाव घेतलं, आणि मठांच्या जप्त जमिनींतला चांगला वाटाही त्याच्याकडे आला. हा रिचर्ड क्रॉमवेल ऑलिव्हरचा पणजोबा. पुढच्या पिढ्यांतही या घराण्याच्या दस्तऐवजांत ‘क्रॉमवेल ऊर्फ विल्यम्स’ असं लिहिलेलं सापडतं. कायद्याच्या कागदाला दोन्ही नावं लागत, कारण दोन्हींवर हक्क टांगलेले होते.

या घराण्यात आणखी एक रिचर्ड क्रॉमवेल झाला, ऑलिव्हरचा मुलगा. १६५८ साली बापामागे तो राष्ट्राचा संरक्षक झाला, आणि आठ-नऊ महिन्यांत त्याला पायउतार व्हावं लागलं. १६६० साली राजा परत आला तसा रिचर्ड युरोपात निघून गेला आणि वीसेक वर्षं टोपणनावांनी राहिला. त्यातलं एक नाव होतं जॉन क्लार्क. इंग्रजीत याहून साधं, बिनचेहऱ्याचं नाव शोधून सापडायचं नाही. पहिल्या रिचर्डनं नाव घेतलं ते त्यात अर्थ होता म्हणून. त्याच नावाच्या दुसऱ्या रिचर्डला तो अर्थ जड झाला, तेव्हा त्यानं अर्थ नसलेलं नाव शोधलं. म्हणजे मिल म्हणतो तशी निव्वळ खूण असलेली नावं इंग्लंडात होती, पण ती सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली नव्हती.

इथं कुणी म्हणेल, हा घोळ आडनावांचा आहे. बाप्तिस्म्याचं नाव तरी एकाच माणसाला चिकटतं ना? सॉल क्रिपकेनं १९७० साली दिलेल्या व्याख्यानांत नेमकं हेच चित्र वापरलं आहे. आरंभी नामकरण होतं, मग ते नाव माणसाकडून माणसाकडे साखळीनं पुढे जातं. चित्र सुरेख आहे. पण पंधराव्या शतकातल्या नॉरफकमधलं पॅस्टन कुटुंब बघा. त्यांची पत्रं आज इंग्रजी गद्याचा मोठा ठेवा मानली जातात. जॉन पॅस्टन आणि मार्गारेट यांना मुलगा झाला, त्याचं नाव जॉन. दोन वर्षांनी दुसरा झाला, त्याचंही नाव जॉन! पहिला हयात असताना. अनेकदा मुलाला धर्मपित्याचं नाव देत, त्यामुळे एका घरात दोन जॉन नांदू शकत. आज आपण त्यांना दुसरा जॉन, तिसरा जॉन म्हणतो, पण हे क्रमांक नंतरच्या संपादकांनी लावलेले आहेत.

घरात घोटाळा होत होता का? काही नाही. १४६९ साली नॉरफकच्या ड्यूकनं केस्टर किल्ल्याला वेढा घातला. आत धाकटा जॉन मूठभर माणसांनिशी लढत होता, थोरला जॉन लंडनला होता. आईनं थोरल्याला खरमरीत पत्र लिहिलं : तुझा भाऊ संकटात आहे, काहीतरी कर. त्या पत्रात कोण कोणता जॉन हे कळायला नावाची गरजच नाही, ‘तुझा भाऊ’ एवढ्यानं भागतं. थोरला, धाकटा, भाऊ, मुलगा, हे सगळे नात्याचे शब्द आहेत. नामकरणाची साखळी दोन्ही जॉनांना सारखीच होती. माणूस वेगळा ओळखता आला तो कोण कुणाला बोलतोय यावरून.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते हाच सगळ्यांत महत्त्वाचा. पॅस्टनांकडे निदान पत्रं होती. ज्यांच्याकडे पत्रं नाहीत त्यांचं काय? १५३८ साली थॉमस क्रॉमवेलच्याच हुकमानं प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही सुरू झाली. पण त्या काळात पाच-सहा नावांत अर्ध्याहून अधिक पुरुष बसत. जॉन, थॉमस, विल्यम, परत जॉन. वहीत ‘जॉन स्मिथ, दफन’ एवढंच असलं, तर तो कोणता?

प्रसिद्ध जॉन स्मिथांना ही अडचण नाही. व्हर्जिनियाच्या वसाहतीतला तो कॅप्टन जॉन स्मिथ, मृत्यू १६३१. केंब्रिजच्या प्लेटोवाद्यांपैकी तो तत्त्वज्ञ जॉन स्मिथ, चौतिसाव्या वर्षी १६५२ साली गेला, त्याची प्रवचनं १६६० साली मित्रानं छापली. नावाच्या आधी किंवा नंतर एक बिरुद लागलं की झालं.

गरिबाला बिरुद कोण देणार? ते दिलं दंडाधिकाऱ्यानं, पण कशासाठी ते बघा. १६६२च्या वसाहत-कायद्यानुसार परगावाहून आलेला माणूस वर्षाला दहा पौंडांपेक्षा कमी भाड्याच्या घरात राहत असेल आणि पुढे तो पॅरिशवर बोजा होईल असं वाटलं, तर दोन दंडाधिकारी त्याला त्याच्या मूळ पॅरिशमध्ये परत पाठवू शकत. मग चौकशी व्हायची. जन्म कुठला, उमेदवारी कुणाकडे केली, पुरं एक वर्ष नोकरी कुठं झाली. लग्न झालेल्या बाईची नोंद नवऱ्याच्या पॅरिशमध्ये, तिचा स्वतःचा जन्म कुठलाही असो. अनौरस मूल जिथं जन्मलं तिथलं, म्हणून दिवस भरत आलेल्या अविवाहित बाईला हद्दीबाहेर हाकलण्याचे प्रकार होत. मदत मिळणार की हकालपट्टी होणार, हे त्या जबाबावर ठरे.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांनो, रसेलचा १९०५चा लेख आठवा. नावाच्या जागी एकाच व्यक्तीला लागू पडेल असं वर्णन ठेवायचं, ही त्याची युक्ती. ती युक्ती इंग्लंडातले दंडाधिकारी दोनेकशे वर्षं आधीपासून राबवत होते. लॉर्डाचं वर्णन त्याच्या नावातच भरलेलं होतं आणि ते त्याला जमीन मिळवून देत होतं. मजुराचं वर्णन त्याच्या तोंडून काढून घेतलं जाई, आणि पुष्कळदा ते त्याला गावाबाहेर काढण्याच्या कामी येई. तरीही आज त्या शेकडो जॉन आणि मेरींपैकी एखादी व्यक्ती आपल्याला वेगळी दिसते, ती बहुधा त्या जबाबामुळेच. तो कागद तिच्या भल्यासाठी लिहिला नव्हता, पण ती एक व्यक्ती होती याचा पुरावा त्यात शिल्लक आहे.

तर मिल चुकला का? वाक्याच्या तर्कापुरतं म्हणाल तर फारसं नाही. ‘जॉन स्मिथ वारला’ या वाक्यात ‘जॉन स्मिथ’ हे शब्द त्या माणसाविषयी काही सांगत नाहीत, हे खरंच आहे. पण मिलनं याला सगळ्या विशेषनामांचा स्वभाव मानलं, आणि तिथं त्याचा सिद्धान्त तोकडा पडतो. त्याच्याच देशात काही नावं मिळकत होती, काही आश्रयाचं ऋण होती आणि बहुतेक नावं गर्दी होती. कुणाच्या नावाला अर्थ असावा हे तर्कशास्त्रानं ठरवलं नव्हतं.

म्हणून इतिहास वाचताना एक पथ्य पाळा. ओळखीचं नाव दिसलं की आपण माणूस ओळखला असं समजू नका. हे नाव याला कुणी दिलं, कशाबद्दल दिलं, आणि इथं त्याला या नावानं कोण हाक मारतंय, हे तीन प्रश्न विचारा. सालबाईचा हेस्टिंग्ज आणि पेशवाईचा हेस्टिंग्ज एवढ्यानं वेगळे होतील, ज्याच्या कृत्याचा जाब त्यालाच विचारता येईल. आणि नोंदवहीत ‘जॉन स्मिथ’ वाचलंत, तर हे तीनही प्रश्न अनुत्तरित राहतील तेव्हा जरा थांबा. तिथं एक माणूस होता. आपल्यापर्यंत पोचली आहे ती फक्त खूण.

आता प्रश्न विचारा.