टॉमस डॉर्सी : ब्लूजपासून प्रार्थनेपर्यंतची वाकडी वाट

आज आपण एका पियानोवादकाबद्दल बोलणार आहोत. टॉमस अँड्र्यू डॉर्सी. जन्म १८९९, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला. मृत्यू १९९३, शिकागोत. सुरुवातीलाच एक खुलासा करतो. टॉमी डॉर्सी नावाचा एक गोरा बँडवालाही तेव्हा प्रसिद्ध होता, तो वेगळा. आपला डॉर्सी कृष्णवर्णीय, उपदेशकाचा मुलगा. आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. आज ज्याला गॉस्पेल संगीत म्हणतात, त्याचा जनक म्हणून याचं नाव घेतात.

त्याची गोष्ट साधारणपणे अशी सांगितली जाते. डॉर्सी दारूच्या अड्ड्यांत ब्लूज वाजवायचा. मग १९३२ मध्ये त्याची बायको बाळंतपणात गेली, पाठोपाठ बाळही गेलं. त्या दुःखात त्याला देव भेटला, त्याने ब्लूज सोडलं आणि ‘प्रेशस लॉर्ड’ हे गीत लिहिलं. गोष्ट सुंदर आहे. डोळ्यांत पाणी आणते. फक्त ती अशी घडलेली नाही. आणि ती अशी सांगितल्यामुळे गाण्याचंच नुकसान होतं, हे आज आम्हाला मांडायचं आहे.

आधी तारखा पाहू. १९२१ मध्ये शिकागोला बॅप्टिस्टांचं राष्ट्रीय अधिवेशन भरलं होतं. तिथे एका उपदेशकाचं गाणं ऐकून डॉर्सी हलला आणि आपणही देवाची गाणी लिहायची असं त्याने ठरवलं. म्हणजे ओढ लागली ती बायको जाण्याच्या अकरा वर्षं आधी. पण चर्चमधल्या कामावर पोट भरेना, म्हणून स्वारी परत बँडमध्ये! १९२४ पासून तो मा रेनीच्या बँडचा प्रमुख होता. मा रेनी म्हणजे ‘ब्लूजची आई’ म्हणून ओळखली जाणारी मोठी गायिका. त्याची बायको नेटी याच बाईंच्या कपड्यांची व्यवस्था बघायची. १९२६ मध्ये डॉर्सी मनाने इतका खचला की वाजवणंच बंद पडलं. तेव्हा एका धर्मगुरूच्या प्रार्थनेने आपण बरे झालो, असं तो पुढे सांगत असे. त्याच सुमारास शेजारचा एक तरुण अचानक गेला, आणि त्यातून त्याचं ‘इफ यू सी माय सेव्हियर’ हे गीत आलं.

झालं, आता तो पूर्णपणे चर्चचा झाला असं आपल्याला वाटेल. पण नाही. १९२८ मध्ये त्याने टँपा रेड या गिटारवादकाबरोबर एक तबकडी काढली, ‘इट्स टाइट लाइक दॅट’. गाणं चक्क चावट, द्व्यर्थी. आपल्याकडची छक्कड आठवा, तसा बाज. ती तबकडी अफाट खपली. भक्तिगीताच्या प्रती मात्र त्याने पदरमोड करून देशभरच्या चर्चना टपालाने पाठवल्या, आणि बराच काळ कोणी विचारलंसुद्धा नाही.

मग १९३२ साल. त्या वर्षी तो शिकागोच्या पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चच्या गायकवृंदाचा प्रमुख झालेला होता. ऑगस्टमध्ये तो सेंट लुईसला गेला होता तो चर्चच्याच सभेसाठी. तार तिथे आली. म्हणजे बघा, तो देवाच्या कामावर असताना घरी हे घडलं. त्यामुळे त्याची पहिली प्रतिक्रिया काय होती? देवाने आपल्यावर अन्याय केला, आता ही गाणी नकोत, परत जुन्या धंद्याकडे जावं. हे त्याने स्वतःच पुढे सांगितलेलं आहे. म्हणजे त्या मृत्यूने त्याला श्रद्धेकडे आणलं नाही. असलेली श्रद्धा जवळजवळ काढून घेतली.

आता गाण्याकडे येऊ. काही दिवसांनी थिओडोर फ्राय या गायकमित्राबरोबर डॉर्सी एका शाळेतल्या पियानोपाशी बसला आणि एक जुनी चाल चाळवू लागला. चाल त्याची नव्हती. ती ‘मेटलंड’ नावाची, एकोणिसाव्या शतकातली, क्रूस वाहण्याविषयीच्या एका स्तोत्राला लावलेली. मूळ चाल ठाशीव आहे. एकेका अक्षराला एकेक स्वर, सगळ्या मंडळीने एकदम म्हणावी अशी. डॉर्सीने तिची लय एवढी संथ केली की प्रत्येक शब्दाभोवती मोकळी जागा तयार झाली. आता गायकाला तिथे थांबता येतं, स्वर लांबवता येतो, कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधल्या त्या दुखऱ्या स्वरावर रेंगाळता येतं. आपल्याकडे ज्याला ‘जागा घेणं’ म्हणतात ना, तेच. हे तो कुठे शिकला? धर्मशाळेत नाही, बरं का. मा रेनीच्या मागे बसून शिकला. गाणारीला वाट करून द्यायची आणि आपण मागे राहायचं, ही ब्लूजच्या साथीदाराची विद्या आहे.

शब्दांचंही तसंच. ब्लूज नेहमी ‘मी’ म्हणतो. माझं असं झालं, मी असा थकलो. ‘प्रेशस लॉर्ड’ सबंध त्याच ‘मी’चं आहे. त्यात बायको नाही, बाळ नाही, तार नाही. एक थकलेला माणूस आहे, वादळ आहे, रात्र आहे. आणि क्रियापदं जवळजवळ सगळी मागण्याची : हात धर, पुढे ने, जवळ राहा. हात मिळाला असं गीतात कुठेच म्हटलेलं नाही. आमच्या मते या गीताचं मोठेपण इथे आहे. भक्तिगीताचा मोह असतो तो शेवटच्या कडव्यात सांत्वन देऊन टाकण्याचा. हे गीत तो मोह टाळतं.

स्वतः डॉर्सीला तो प्रत्येक वेळी टाळता आला नाही. १९३७ चं त्याचं ‘पीस इन द व्हॅली’ घ्या. त्याचीही सुरुवात थकव्यानेच होते, पण ध्रुपद येताच सगळं शांत होतं. दरीत शांती नांदते, हिंस्र श्वापदं गरीब होतात. गाणं गोड आहे, १९५७ मध्ये एल्विस प्रेस्लीनेही ते गायलं. पण तिथे शांती ठरलेल्या वेळी येते, आणि म्हणून ती ऐकणाऱ्याला कमावावी लागत नाही. दोन्ही गीतं लागोपाठ ऐका, फरक कळेल.

बरं, चर्चनी त्याचं स्वागत केलं का? मुळीच नाही. शिकागोतल्या प्रतिष्ठित कृष्णवर्णीय चर्चमध्ये युरोपीय रचना शिस्तीत गायल्या जात. त्याच वेळी दक्षिणेतून हजारो कुटुंबं कामासाठी शहरात येत होती. त्यांना टाळ्या, हुंकार, अंग डोलवणं आपलं वाटायचं, आणि ते या चर्चमध्ये बसत नव्हतं. डॉर्सीचं गाणं हे नव्याने आलेल्या त्या लोकांचं गाणं होतं. सैतानाचं संगीत देवळात आणतोय म्हणून त्याला कित्येक ठिकाणी दारं बंद झाली. सॅली मार्टिन या गायिकेने त्याच्या गीतांच्या विक्रीची घडी बसवली, महेलिया जॅक्सनने ती गावोगाव गायली, तेव्हा कुठे ती रुजली. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी गोळी लागण्याच्या थोडं आधी, संध्याकाळच्या सभेत हेच गीत वाजवा, असं एका वादकाला सांगितलं होतं. त्यांच्या अंत्यविधीत ते महेलियाने गायलं.

इथे आपल्याला रेव्हरंड टिळक आठवणं साहजिक आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ताला अभंगात, कीर्तनात आणलं. प्रश्न दोघांपुढे एकच होता : देवापुढे कोणत्या चालीत उभं राहायचं? आपल्या की परक्या? पण एक भेद लक्षात ठेवायला हवा. टिळकांनी घेतलेला अभंग आधीच पवित्र होता, फक्त दुसऱ्या देव्हाऱ्यातला. डॉर्सीने घेतलेली चीज अड्ड्यावरची होती. लावणीच्या ठेक्यावर आरती म्हणण्यासारखं ते होतं. म्हणून त्याच्यावरचा राग जास्त जहाल होता, आणि आमच्या मते त्याची कमाईही त्यामुळेच वेगळी ठरते.

तेव्हा ‘ब्लूज सोडलं आणि देवाकडे गेला’ या वाक्यात आम्हाला खोट दिसते. तबकड्या त्याने सोडल्या, हे खरं. पण हात तेच राहिले. कलावंताच्या श्रद्धेची गोष्ट आपण चमत्कारासारखी सांगतो, तेव्हा त्याची वीस वर्षांची मेहनत पुसून टाकतो. शिवाय ऐकणाऱ्यावरही अन्याय करतो. ज्याच्या आयुष्यात दुःख आलं पण देव काही भेटला नाही, त्याला वाटतं हे गाणं आपल्यासाठी नाही. खरं तर ते त्याच्यासाठीच आहे.

शेवटी एक छोटी गोष्ट. त्या दिवशी पियानोपाशी डॉर्सी आधी ‘ब्लेस्ड लॉर्ड’ म्हणत होता. म्हणजे धन्य प्रभू, पूज्य प्रभू. फ्राय म्हणाला, ‘प्रेशस’ म्हण. म्हणजे मोलाचा, जिवाभावाचा. पहिला शब्द वेदीवरचा आहे, दुसरा घरातला. आपलं माणूस गेल्यावर आपण असाच शब्द वापरतो. एका मित्राने एक शब्द बदलला आणि डॉर्सीने तो ऐकला. ते कान ब्लूजवाल्याचे होते.

इथेच थांबतो. घरी गेल्यावर महेलियाच्या आवाजात ते गीत जरूर ऐका.