सामाजिक कार्यातील प्रबंध आणि रिचमंडबाईंचा वस्तुपाठ

सामाजिक कार्य हा स्वतंत्र संशोधनाचा विषय होऊ शकतो काय, ही शंका जुनी आहे. १९१५ साली अब्राहम फ्लेक्स्नर यांनी बाल्टिमोरच्या परिषदेत त्याला पूर्ण व्यवसायाचा दर्जाच नाकारला. त्यास भरीव उत्तर मिळाले ते मेरी रिचमंड यांच्या ‘सोशल डायग्नोसिस’ (१९१७) या ग्रंथातून. विशेष हे की, रिचमंडबाईंनी विद्यापीठाचे शिक्षण घेतलेले नव्हते. साहाय्यक संस्थांच्या दप्तरांतील नोंदी अभ्यासून प्रत्यक्ष पुरावा कोणता, ऐकीव कोणता आणि कार्यकर्त्याचे अनुमान कोणते, याची त्यांनी काटेकोर फोड केली. ग्रंथाचे बळ या विवेकात आहे. त्याची उणीवही तेथेच आहे. साहाय्यार्थी येथे मुख्यतः पुराव्याचे एक साधन ठरतो. स्वतःच्या परिस्थितीचा अर्थ लावण्याचा त्याचा अधिकार दुय्यम राहतो.

पीएच.डी.च्या अभ्यासकाने या दोन्ही बाजू ध्यानी घेणे अगत्याचे आहे. प्रश्नावली, कोष्टके आणि शिफारशी एवढ्यांवर प्रबंध उभा राहू शकतो. त्यातून लोकस्थितीचे वर्णन होईल. परंतु साहाय्य कोठे फळले, कोठे फसले आणि का, हे उलगडेलच असे नाही. त्यासाठी क्षेत्रकार्याच्या नोंदींकडेच वळले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती काढली. साहजिकच परीक्षेचा भार प्रबंधावरच अधिक आला आहे. रिचमंडबाईंची शिस्त स्वीकारून साहाय्यार्थ्याची साक्ष अर्थनिर्णयातही मानाने घेणारा प्रबंधच तो भार पेलू शकेल.