एकाच मानेचे चित्र

एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मानेतील रक्तवाहिन्यांचा तक्ता टांगला होता. नववीतल्या एका मुलीने त्यावर बोट ठेवून विचारले, "सर, 'बाह्य' रोहिणी आतल्या बाजूला आणि 'अंतर्गत' बाहेरच्या बाजूला कशी? छपाईची चूक आहे का?" सोबतचे शिक्षक म्हणाले, "चूकच असणार."

तक्ता बरोबर होता. सामाईक ग्रीवा रोहिणी (काही पुस्तकांत 'धमनी') मानेत वर चढते आणि साधारणपणे स्वरयंत्राच्या वरच्या काठापाशी दुभंगते. तेथे बाह्य रोहिणी मध्यरेषेच्या जवळ असते आणि अंतर्गत तिच्या मागे, बाहेरच्या अंगाला. नावे जागेवरून पडलेली नाहीत, रक्त कोठे जाते त्यावरून पडली आहेत. अंतर्गत रोहिणी कवटीच्या आत मेंदूला व डोळ्याला रक्त देते, बाह्य रोहिणी चेहरा, जीभ, टाळू अशा कवटीबाहेरच्या भागांना.

माझा तक्त्यावरचा आक्षेप वेगळा आहे. तो एकाच मानेचे चित्र दाखवतो आणि ती सर्वांची मान असल्याचे भासवतो.

अशा तक्त्यांचे घराणे 'ग्रेज् अॅनाटमी'पर्यंत जाते. 1858 साली लंडनमध्ये निघालेल्या या ग्रंथाचा मजकूर हेन्री ग्रे यांचा आणि चित्रे हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांची. हेच कार्टर त्याच वर्षी मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवू लागले आणि पुढे कुष्ठरोगावरील संशोधनासाठी नावाजले. त्यांच्या चित्रांत अवयवाचे नाव अवयवावरच लिहिलेले असते. क्रमांक पाहून तळटीप शोधावी लागत नाही. शिकवण्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती, आणि तिचे कौतुक करायलाच हवे. पण नाव थेट अवयवावर छापले की शंकेला जागा उरत नाही. ग्रेच्या जुन्या आवृत्त्यांत या रोहिण्यांच्या वर्णनात 'वैशिष्ट्ये' म्हणून वेगळा मजकूर असे: कधी दुभंग वर, कधी खाली, क्वचित मुळीच नाही. त्याआधी 1844 मध्ये रिचर्ड क्वेन यांनी शेकडो शवांतील रोहिण्यांची निरीक्षणे मांडून हे सारे दाखवले होते. तक्ते करणाऱ्यांनी चित्र उचलले आणि तो मजकूर मागे ठेवला.

याने बिघडते काय? शस्त्रक्रियेच्या टेबलावर बरेच काही. तोंडातील रक्तस्राव कशानेच थांबेना, तर कधी बाह्य रोहिणी मानेतच बांधावी लागते. चुकून अंतर्गत बांधली गेली तर मेंदूच्या त्या बाजूचा रक्तपुरवठा तुटून पक्षाघात होऊ शकतो. ओळखायचे कसे? नियम असा की मानेत जिला फांद्या फुटतात ती बाह्य. नियम चांगला आहे, पण क्वचित अंतर्गत रोहिणीलाही मानेत फांदी फुटलेली आढळते. उलट बाह्य रोहिणीची पहिली फांदी, अवटू ग्रंथीकडे जाणारी, पुष्कळदा दुभंगावरून किंवा त्याच्याही खालून निघते. जिभेची आणि चेहऱ्याची फांदी काहींमध्ये एकाच खोडातून येते. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेत तर आणखी एक धोका असतो. अंतर्गत रोहिणी सहसा टॉन्सिलपासून सुमारे अडीच सेंटिमीटर दूर असते, पण काही जणांत ती वळण घेऊन घशाच्या भिंतीला भिडते. सावध सर्जन घशाच्या मागच्या भिंतीत ठोके दिसतात का, हे आधी पाहतो.

नावांचाही घोळ आहे. काही माणसांत डावी ग्रीवा रोहिणी महारोहिणीच्या कमानीतून स्वतंत्र न निघता उजव्या बाजूच्या खोडाबरोबर किंवा त्यातूनच निघते. हा प्रकार इतका सर्रास आढळतो की त्याला दुर्मीळ म्हणता येत नाही. डॉक्टरमंडळी याला 'बोव्हाइन', म्हणजे गाईगुरांसारखी, कमान म्हणतात. गाईच्या कमानीतून मात्र एकच मोठे खोड निघते आणि दोन्ही ग्रीवा रोहिण्या व पुढच्या दोन्ही पायांच्या रोहिण्या त्यालाच फुटतात. माणसातल्या त्या प्रकाराचे याच्याशी साम्य नाही. 2006 साली एका संशोधन-निबंधात ही चूक दाखवून दिली गेली, तरी नाव टिकून आहे. कधी गाय कापून न पाहताही हे नाव पिढ्यान्‌पिढ्या वापरता येते!

हा फरक म्हणजे रोग नव्हे. गर्भात रक्तवाहिन्यांचे आधी जाळे बनते. ज्या वाटांनी रक्त जोराने वाहते त्या रुंदावतात, बाकीच्या विरून जातात. कोणती वाट टिकेल हे सर्वांत तंतोतंत सारखे ठरत नाही.

म्हणून तक्ता काढून टाका असे मी म्हणणार नाही. त्याच्या कोपऱ्यात दुभंगाची आणखी दोन-तीन छोटी रेखाचित्रे पुरेत. आणि तक्ता उलगडण्याआधी मुलांना दोन्ही हात खाली सोडून मुठी आवळायला सांगा, मग हाताच्या पाठीवर उमटलेल्या निळ्या नीलांचे चित्र वहीत काढू द्या. नीलांमध्ये रोहिण्यांपेक्षा विविधता जास्त असते, पण त्या कापावाचून दिसतात. शेजारच्याशी तुलना करून झाली की स्वतःचाच डावा हात उजव्याशी ताडून पाहायला सांगा.