साउथ कॅरोलिनातील ज्यू पदाधिकारी : एक स्मृतिफलक व एक चरित्र

सन १८०० च्या सुमारास अमेरिकेतील सर्वांत मोठी ज्यू वस्ती न्यूयॉर्कमध्ये नव्हती. ती दक्षिणेकडील साउथ कॅरोलिना राज्याच्या चार्ल्स्टन बंदरात होती, ही गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांस नवी वाटेल. त्या राज्याच्या राजकारणात ज्यू पुरुषांनी, आणि अलीकडे एका ज्यू स्त्रीनेही, मानाची पदे भूषविली. त्यांच्याविषयी लिहिले गेलेही आहे बरेच. परंतु त्यातील बहुतेक लेखन 'पहिला ज्यू सभासद', 'पहिला ज्यू अधिकारी' अशा जंत्रीपाशी थांबते. आमचा आक्षेप ह्या जंत्रीलाच आहे. तो स्पष्ट व्हावा म्हणून आम्ही येथे दोन कृती विचारासाठी घेतो. एक चार्ल्स्टनच्या उद्यानातील स्मृतिफलक, दुसरे एका बदनाम गव्हर्नराचे चरित्र.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. कॅरोलिना वसाहतीच्या मालकांनी १६६९ साली जी मूलभूत घटना तयार करविली, तिच्या लेखनात तत्त्वज्ञ जॉन लॉक ह्याचा हात होता. कोणत्याही धर्माच्या सात माणसांनी एकत्र यावे व आपला उपासकसंघ स्थापावा, अशी मुभा तीत होती. आणि ही मुभा ज्यूंबरोबर 'मूर्तिपूजकां'सही नाव घेऊन दिलेली होती. त्या शब्दात तेथील मूळ रहिवासी अभिप्रेत होते, तरी आपल्या देवळातील समईच्या उजेडात हे कलम वाचताना आम्हांस क्षणभर गंमत वाटली. ती घटना पूर्णपणे अमलात कधी आलीच नाही. शिवाय उपासनेची मोकळीक वेगळी आणि सत्तेत वाटा वेगळा. चार्ल्स्टनच्या ज्यूंनी १७४९ साली बेथ एलोहिम हा आपला उपासकसमाज उभारला. पण वसाहतीच्या विधिमंडळात बसण्याचा हक्क कायद्याने त्यांना नव्हता.

असे असता फ्रान्सिस साल्वादोर हा तरुण १७७४ च्या अखेरीस वसाहतीच्या प्रांतिक काँग्रेसवर निवडून आला. ह्याचे पूर्वज पोर्तुगालमधून हॉलंडमार्गे इंग्लंडात आलेले. ज्या धर्मन्यायासनाच्या भयाने पोर्तुगालचे ज्यू परागंदा झाले, त्याचीच शाखा गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत होती, हे आमच्या गोमंतकीय वाचकांस सांगावयास नको. लंडनला ह्या घराण्याने हिंदुस्थानात पोवळी पाठवून तेथून हिरे आणण्याच्या व्यापारात नाव कमावले व पुढे बरेचसे गमावले. साल्वादोर १७७३ च्या अखेरीस कॅरोलिनात उतरला, सुमारे सात हजार एकरांचा मळा त्याने मांडला. त्याच्या निवडणुकीस कोणी हरकत घेतल्याचे दिसत नाही. १ जुलै १७७६ रोजी चेरोकी लोकांनी सरहद्दीवर हल्ला चढविताच तो घोड्यावरून मेजर विल्यमसन ह्यांस वर्दी देण्यास धावला, आणि १ ऑगस्टच्या पहाटे दबा धरून बसलेल्यांच्या गोळ्यांना बळी पडला. वय अवघे एकोणतीस. शत्रू हटला काय, असे त्याने मरता मरता विचारले. हटला म्हणताच समाधान दाखवून त्याने मेजरचा निरोप घेतला.

चार्ल्स्टनच्या ज्यू समाजाची द्विशताब्दी १९५० साली साजरी झाली, तेव्हा नगरमंदिराशेजारच्या उद्यानात त्याच्या नावाचा फलक बसविण्यात आला. त्यावर चार ओळी आहेत. जन्माने सरदार, कृतीने लोकशाहीचा भक्त; मूळचा इंग्रज, पण अमेरिकेशी एकजीव; जुन्या श्रद्धेशी इमानी, पण नव्या स्वातंत्र्यासाठी मृत, असा त्यांचा आशय. रचना घोटीव आहे, विरोधाचा तोल सुरेख साधला आहे. परंतु ह्या तोलासाठी पुष्कळ काही बाहेर ठेवावे लागले. साल्वादोरचा मळा गुलामांच्या श्रमावर चालत होता. चेरोकी चढाई करीत होते ती आपल्या हातून जाणाऱ्या भूमीसाठी. त्यांची शेते कापा, गावे जाळा आणि कैद करील त्याने कैद्यास गुलाम म्हणून ठेवावे, असा सल्ला साल्वादोरचा स्नेही विल्यम हेन्री ड्रेटन ह्याने त्याला पत्रातून दिला होता. फलकावर हे सारे मावावे असे आमचे म्हणणे नाही. दगडाला मर्यादा असतात. पण मानवी स्वातंत्र्याची जी आशा फलक गातो, तिचा हिशेब करताना एक गोष्ट नजरेआड करवत नाही. साल्वादोर ज्या राज्यासाठी मेला, त्याने १७७८ साली जी घटना केली, तीत प्रतिनिधी प्रॉटेस्टंटच असला पाहिजे अशी अट होती. तो वाचला असता तर त्याच सभागृहाच्या दारातून परत फिरला असता! ही अट १७९० च्या घटनेने गेली. फलकाला वीर सापडला; त्या वीराशी राज्याने जे केले असते ते मात्र सापडले नाही.

दुसरी कृती ह्याहून कितीतरी अवघड. बेंजामिन गिन्सबर्ग ह्या राज्यशास्त्रज्ञाने २०१० साली 'मोझेस ऑफ साउथ कॅरोलिना' हे फ्रँकलिन जे. मोझेस (धाकटे) ह्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. उपशीर्षकात ते नायकास 'ज्यू स्कॅलवॅग' म्हणतात. यादवी युद्धानंतर विजयी उत्तरेच्या पक्षास मिळालेल्या दक्षिणी गोऱ्यास ही शिवी दिली जाई. आपला 'घरभेदी' शब्द तिच्या जवळचा. मोझेस १८६१ साली दक्षिणेच्या बंडाचा उत्साही सेवक, गव्हर्नर पिकन्स ह्यांचा चिटणीस. युद्ध संपल्यावर तोच काळ्या मतदारांचा पुढारी झाला, १८६८ ते १८७२ सभापती, पुढे १८७४ पर्यंत गव्हर्नर. त्याने लाच घेतली, उधळपट्टी केली, हे गिन्सबर्ग लपवीत नाहीत. पण गव्हर्नराच्या वाड्यात काळे पाहुणे सन्मानाने जेवले, काळ्यांची सशस्त्र पथके त्याने उभी केली, त्याच्याच कारकीर्दीत १८७३ साली राज्याचे विद्यापीठ काळ्या विद्यार्थ्यांस खुले झाले. आणि गोऱ्यांनी त्याच्यावर जो राग धरला तो लाचेपेक्षा ह्यासाठी अधिक, हे ते प्रभावीपणे दाखवितात. ग्रंथाचे हे मोठे यश होय. पूर्वीच्या इतिहासकारांनी 'लुटारू गव्हर्नर' म्हणून त्याला मोडीत काढले होते.

मात्र शीर्षकातील 'ज्यू' ह्या शब्दाशी आमचे जमत नाही. मोझेसची आई ख्रिस्ती, त्याचे संस्कार ख्रिस्ती. ज्यू शास्त्राप्रमाणे धर्म आईकडून येतो. शत्रूंनी त्याला ज्यू म्हणून हिणवले हे खरे, पण शत्रूने दिलेला शिक्का चरित्रकाराने मुखपृष्ठावर का उमटवावा? उलट त्याचे वडील, ज्यू कुळातले व राज्याचे सरन्यायाधीश (१८६८ ते १८७७), सर्वांच्या आदरास पात्र ठरले. त्यांच्या सचोटीचे श्रेय कोणी त्यांच्या धर्मास दिले नाही. मुलाच्या लाचलुचपतीची नामुष्की मात्र आप्तांस इतकी झोंबली की घराण्यातील काहींनी मोझेस हे आडनावच टाकले. १९०६ साली मॅसॅच्युसेट्समधील एका गावी तो एकाकी मेला. मुंबईचे वाचक डॉ. ई. मोझेस मार्गावरून जातात. १९३७ साली त्या शहराचे महापौर झालेले हे डॉक्टर कोकणच्या बेने इस्रायल समाजातले, मराठी बोलणारे. तेथे हे आडनाव रस्त्यास देण्यात आले, कॅरोलिनात ते टाकण्यात आले. आपणही परमुलखात वसलेली माणसे आहोत. 'आपला' माणूस नगरपालिकेत गेला की आपण पेढे वाटतो, आणि तो पकडला गेला की तो फारसा आपला नव्हता असे आपल्याला आठवू लागते!

विसाव्या शतकाविषयी थोडेच लिहितो. सॉलोमन ब्लॅट हा रशियातून आलेल्या, फेरीवाल्याचा दुकानदार झालेल्या ज्यूचा मुलगा. १९३७ ते १९४७ व पुन्हा १९५१ ते १९७३ तो सभापती होता. काळ्या-गोऱ्यांच्या पृथक्करणाचा तो कैवारी. राजधानी कोलंबियात प्रतिनिधींच्या कचेऱ्यांची इमारत त्याच्या नावाची आहे. सभापतिपद सोडल्यावरही १९८६ पर्यंत तो सभासद राहिला. बोफर्टच्या हॅरिएट कायझरलिंग १९७७ साली त्याच सभागृहात आल्या. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या, ज्यू, स्त्री आणि उदारमतवादी अशा चार अडचणी घेऊन आलेल्या ह्या बाई सोळा वर्षे तेथे टिकल्या. कला व शिक्षणासाठी झगडल्या, ब्लॅटच्याच बार्नवेल तालुक्यातील किरणोत्सर्गी कचऱ्याविरुद्ध उभ्या राहिल्या. 'अगेन्स्ट द टाइड' हे त्यांचे आत्मकथन १९९८ साली आले. जंत्रीत ही दोन नावे एकाखाली एक येतात, जणू एकाच वंशवेलीवरची फुले. प्रत्यक्षात नऊ वर्षे ती दोघे एकाच छताखाली बसत होती, आणि मतदानाच्या वेळी दोघांचे हात बहुधा वेगवेगळ्या वेळी वर जात होते.