लॅपटॉपवर पाहिलेली मालिका आणि आपला ‘प्रेक्षक’

माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात एक वाक्य होतं: ‘मराठी मालिकांमधली पुनरुक्ती म्हणजे आळशी लेखन, प्रेक्षक तिला कंटाळतात.’ तीसेक भाग मी हॉस्टेलच्या खोलीत, हेडफोन लावून, लॅपटॉपवर पाहिले होते. गाईड मॅडमनी समासात एवढंच लिहिलं, ‘जाहिराती कुठे गेल्या?’ प्रकरण पुन्हा लिहावं लागलं.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा तीच मालिका टीव्हीवर लागली होती. आई ‘बघत’ होती, म्हणजे ओट्यापाशी पोळ्या लाटत होती. पार्श्वसंगीत चढलं की तिची मान वळायची. ब्रेकनंतर आधीचा प्रसंग पुन्हा दाखवला, तेव्हा हुकलेलं तिला कळलं. मी ज्याला आळस म्हणत होतो, ती तिची सोय होती.

रेमंड विल्यम्स यांनी १९७४ मध्ये ‘प्रवाह’ ही संकल्पना मांडली: कार्यक्रम, जाहिराती, पुढच्या कार्यक्रमांच्या झलकी हे सगळं मिळून टीव्हीचा अनुभव बनतो. लॅपटॉपवर मी तो प्रवाह कापून फक्त गोष्ट ठेवली होती. जॉन एलिस ‘व्हिजिबल फिक्शन्स’मध्ये (१९८२) म्हणतात, सिनेमा आपण एकटक पाहतो, टीव्हीकडे अधूनमधून नजर टाकतो आणि लक्ष धरून ठेवतो तो आवाज. आईचं पाहणं यात चपखल बसतं.

पण इथेच थांबू नका. डेव्हिड मॉर्ली यांनी ‘फॅमिली टेलिव्हिजन’साठी (१९८६) दक्षिण लंडनमधल्या १८ कुटुंबांच्या मुलाखती घेतल्या. त्यात पुरुष शांतपणे, लक्ष देऊन बघायचं म्हणतात. बायका बोलत, कामं उरकत बघतात. म्हणजे ओझरती नजर हा निव्वळ टीव्हीचा गुण नाही, घरकामाच्या वाटणीचाही परिणाम आहे. एलिस यांच्या मांडणीची ही बाजू मला कच्ची वाटते.

मग लॅपटॉप बंद करायचा? अजिबात नाही. शॉट मोजायला, संवाद टिपायला पॉझ आणि रिवाइंड हवंच. फक्त त्यातून निघणारं विधान मालिकेच्या रचनेबद्दल असतं, प्रेक्षकांबद्दल नाही. आणि लॅपटॉपवर बघणारी मुलंच तुमचा विषय असतील, तर त्यांच्याशीही बोलावं लागेल. स्वतःच्या सवयीवरून अंदाज बांधून चालणार नाही.

तेव्हा संशोधन पद्धतीच्या भागात दोन ओळी नक्की लिहा: कोणत्या पडद्यावर पाहिलं, कुणासोबत, जाहिरातींसह की वगळून. माझ्या आराखड्यात त्या नव्हत्या, म्हणून सहा महिने गेले.