‘शून्य’, ‘सिफर’ आणि निहिलिझम

मागे एका चर्चासत्रात आमच्यातल्या एका तरुण कवीच्या कवितांना वक्त्यांनी ‘शून्यवादी’ ठरवले. कवितांत नकार होता, एवढेच कारण. कवी गप्प बसला. मला मात्र तो शब्द बोचत राहिला.

आपण ‘निहिलिझम’साठी सर्रास ‘शून्यवाद’ वापरतो. लॅटिन ‘निहिल’ म्हणजे काहीही नाही. जुने लॅटिन वैयाकरण त्याची फोड ‘ने’ आणि ‘हिलुम’ अशी करीत. हिलुम म्हणजे शेंगेतल्या दाण्याला चिकटलेला क्षुल्लक कण. आपण ‘तिळमात्र नाही’ म्हणतो, तसेच. १७९९ मध्ये याकोबीने फिख्टेला लिहिलेल्या पत्रात हा शब्द आक्षेप म्हणून आला. पुढे तुर्गेनेव्हच्या ‘पिता आणि पुत्र’ (१८६२) या कादंबरीने तो सर्वतोमुखी केला.

शून्याचे कुळ वेगळे आहे. मी वर्गात फळ्यावर पाचापुढे सिफर काढतो, पाचाचे पन्नास होतात. अरबी ‘सिफ्र’ म्हणजे रिकामे. संस्कृत ‘शून्य’चेच ते भाषांतर. परंपरेने ज्याचे नाव आमच्या रामटेकजवळच्या टेकडीशी जोडले जाते, त्या नागार्जुनाची शून्यता तरी ‘काहीच नाही’ असे कुठे म्हणते? कोणतीही वस्तू स्वतःच्या बळावर एकटी उभी नाही, ती इतरांच्या आधाराने घडते, असे ती सांगते. उच्छेदवाद तर त्याने स्पष्ट नाकारला. त्याच्याच शब्दाने निहिलिझमचे बारसे करणे अन्यायाचे आहे.

‘कोसला’वरही (१९६३) हा शिक्का अनेकदा बसला. पांडुरंग सांगवीकर सगळ्याची टर उडवतो हे खरे. पण बहीण मनी गेल्यावर त्याची जी अवस्था होते, ती ज्याला कशाचेच मोल नाही अशा माणसाची नव्हे. दलित साहित्याने तर ‘नकार’ हा शब्द स्वतःहून मिरवला, तो हक्क मागण्यासाठी.

‘नाइलाज’ आणि ‘इन्कार’ हे दोन्ही शब्द मराठीला आमच्या बाजूने आले. निहिलिझमच्या जवळ जाईल तो पहिला. दुसऱ्यात समोरच्याशी भांडण आहे, म्हणजे नातेही आहे. त्या कवीच्या एका कवितेत घर भाड्याने मिळावे म्हणून माणूस पाटीवरचे आपले नाव खोडतो आणि रात्री उठून पुन्हा लिहितो. ती कविता वक्त्यांनी वाचलीच नव्हती, हे नंतर चहाच्या वेळी कळले.